गावभरचा वानवळा आणि माझा एवढासा कप्पा

मित्रांनो, माझं दार उघडायचं तर ते आधी जरासं वर उचलावं लागतं आणि मग ओढावं लागतं. पाहुण्यांना हे ठाऊक नसतं. ते नुसतेच ओढत बसतात, आणि चुलीपाशी बसलेलं कुणीतरी हसून सांगतं, "आवो, वर उचला, वर!" तर असा मी, एक जुना, एका दाराचा, तांबड्या रंगाचा फ्रीज. यवतजवळच्या कासुर्डी गावात, रानातल्या वस्तीवर, सोजराबाईंच्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात उभा आहे. रंग दोन-चार ठिकाणी उडालाय, पायाखाली एका बाजूला फरशीचा तुकडा सरकवलाय. पण गारवा विचाराल तर अजून पहिल्यासारखा. त्या बाबतीत मला कुणी काही शिकवायला यायचं कारण नाही.

माझ्या पोटात वरच्या बाजूला बर्फाचा एक कप्पा आहे. केवढा? तुमचं शाळेचं दप्तर त्यात आडवं ठेवलं तर त्याची चेन बाहेर राहील, एवढाच. त्याला एक पातळसं झाकणाचं दार आहे. मी आज तुम्हाला जे सांगणार आहे, ते सगळं या एवढ्याशा कप्प्यावरूनच घडलं.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पत्रा वाकवला, रंग मारला, पाठीला काळ्या नळ्यांची जाळी बसवली आणि शेवटी त्या नळ्यांतून गॅस सोडला. तेव्हा माझ्या अंगातून पहिल्यांदा शिरशिरी गेली. आपण कशासाठी आहोत, हे मला त्याच क्षणी कळलं. मग मी दौंडला आलो, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये, एका गार्डसाहेबांच्या घरी. पहिल्या दिवशी माझी पूजा झाली. दारावर कुंकवाचं स्वस्तिक निघालं. त्या घरातली पोरं उन्हाळ्यात शाळेतून आली की दप्तरसुद्धा न उतरवता माझ्याकडे पळत यायची. सरबताचे बर्फगोळे करायची, जीभ लाल झाली की एकमेकांना दाखवायची. माझ्याइतकं लाडकं त्या घरात कुणीच नव्हतं.

पुढं त्यांच्याकडे दोन दारांचा उंच फ्रीज आला आणि मी व्हरांड्यात गेलो. माझी पिन काढली. माझ्या खालच्या कप्प्यांत चपला ठेवायला लागले, वर जुनी पुस्तकं. मला चपलांचा राग नाही. पण गार ठेवायला जन्मलेल्यानं कोमट उभं राहायचं, हे सोपं नसतं मित्रांनो. पाऊस यायचा, गंज चढायचा, आणि मी रस्त्याकडे बघत उभा असायचो.

एक दिवस ठिबकचे पाइप घ्यायला दौंडला आलेला एक शेतकरी तिथून जाताना थांबला. त्यानं माझ्या दाराची रबरी पट्टी बोटानं दाबून पाहिली, पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "चालतोय की ओ चांगला. चपला काढा, मी नेतो." तो रविराज. सोजराबाईंचा मुलगा. पाइपांच्या शेजारी टेम्पोत उभा राहून मी कासुर्डीला आलो.

सोजराबाईंनी मला बाहेरच्या खोलीत, दारातून आलेल्याला पहिल्यांदा दिसेल असा, उभा केला. माझ्या डोक्यावर विणलेला रुमाल घातला. आणि थंडी पडली की सरळ माझी पिन काढून ठेवली! "बाहेरच एवढं गार हाय, मग ह्याला कशाला चालू ठिवायचा?" असं त्या म्हणायच्या. दिवाळी झाली की मी झोपायचो तो शिमग्यालाच जागा व्हायचो. कितीतरी वर्षं मी कासुर्डीची थंडी पाहिलीच नाही.

मला खऱ्या अर्थानं कामाला लावलं ते स्नेहलनं. स्नेहल म्हणजे रविराजची बायको, माहेर शिरूरचं. कुरकुंभच्या एमआयडीसीत औषधाच्या एका कंपनीत ती प्रयोगशाळेत तपासणीचं काम करते. लग्न होऊन आली, तिनं मला आतून-बाहेरून पुसलं, स्वयंपाकघरात आणलं, आणि थंडी पडली तरी पिन काढू दिली नाही. सोजराबाई कुरकुरल्या, पण थंडीत पोळ्यांची भिजवलेली कणीक सकाळी तशीच मऊ मिळायला लागल्यावर गप्प झाल्या.

मग समृद्धी झाली. आता ती सहा महिन्यांची आहे, गोबरी, आणि तिच्या रडण्याचा आवाज माझ्या आवाजापेक्षा मोठा आहे.

स्नेहलची बाळंतपणाची रजा या जानेवारीत संपत होती. सोमवारी कामावर हजर व्हायचं ठरलं होतं. समृद्धी अंगावरच प्यायची. वरच्या दुधाची पावडर आणून पाहिली, तिनं ती थुंकून टाकली. गाईचं दूध इतक्या लवकर द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. वरणाचं पाणी, भाताची पेज एकेक चमचा सुरू झाली होती, पण त्यावर का पोट भरतं? तेव्हा स्नेहलनं एक छोटा हातपंप आणला. आईचं दूध त्यानं काढून, उकळून घेतलेल्या लहान डब्यांत भरून, ती माझ्या बर्फाच्या कप्प्यात ठेवायला लागली. आई कामावर असताना बाळाला आईचंच दूध मिळावं म्हणून.

सोजराबाईंनी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा पदर तोंडाला लावला.

"आगं बाई! आईचं दूध, आन् फ्रीजमधी?"

"आई, आमच्या कंपनीतल्या दोघीजणी असंच करतात. काही होत नाही बाळाला."

"व्हत नसंल गं काय. पर आलंगेलं कुणी कप्पा उघडला तर काय म्हणंल?"

"म्हणतील, आज्जी हुशार आहे, नातीची सोय करून ठेवलीय."

सोजराबाईंना हसू आलं. त्यांनी बर्फाचा ट्रे काढून बाजूला ठेवला आणि कप्प्याचा उजवा कोपरा सुनेला दिला. प्रत्येक डब्यावर स्नेहल तारीख लिहायची. मी ते डबे असे घट्ट गोठवले की बोटानं वाजवले तर टणटण आवाज यावा. चपला सांभाळलेल्या माझ्यासारख्याला ही केवढी मोठी जोखीम मिळाली होती, विचार करा! मला अगदी ताठ उभं राहावंसं वाटायचं.

पण त्याच दिवसांत वानवळा सुरू झाला.

तुमच्यातली जी मुलं शहरात राहतात त्यांना सांगतो. आपल्या रानात काही पिकलं की त्यातलं पहिलंवहिलं, ताजं ताजं, नातलगांच्या, शेजाऱ्यांच्या घरी पाठवायचं, त्याला वानवळा म्हणतात. तो विकतचा नसतो. त्याला नको म्हणत नाहीत. आणि आला तसा दुसऱ्याच्या घरी ढकलूनही देत नाहीत, कारण पाठवणारा पुढच्या भेटीत हमखास विचारतो, "भाजी खाल्ली का? गोड होती ना?" सोजराबाई तर याबाबतीत फार कडक. त्यांच्या हातून कुणाचा वानवळा वाया गेला, असं आजवर कुणी म्हटलेलं नाही.

अडचण एवढीच की थंडीत सगळ्यांच्याच रानात एकदम पिकतं. वढू बुद्रुकहून सुरेखामावशींनी, म्हणजे सोजराबाईंच्या धाकट्या बहिणीनं, पोतंभर मटार पाठवला. दुसऱ्या दिवशी शिरूरहून, स्नेहलच्या माहेरहून, गाजरं आणि फ्लॉवरचे गड्डे आले. शेजारच्या वस्तीवरच्या सगुणाबाई डोक्यावर मेथीचा भारा घेऊन आल्या. त्यांच्या घरच्यांनी, म्हस्कूआप्पांनी, पूर्वी मेंढरं राखली. आता दोघं भाजीपाला करतात, आणि भाजीपाल्याचं त्यांना नवीन कौतुक. "ह्या मेथीला नुस्ता वास बघा, सोजराबाय, वास!" त्या म्हणाल्या. आणि आपल्या रानातले टोमॅटो तर होतेच, क्रेट भरून, मागच्या पडवीत.

सकाळी मटाराची उसळ, दुपारी मटारभात, संध्याकाळी मेथी. तरी भाजी संपेना. रविराज माझं दार उघडायचा आणि पाण्याची बाटली शोधत म्हणायचा, "आमच्या घरात मार्केट यार्डाची शाखा निघालीय का? बाटली हाय का हितं, का गाळा भाड्यानं दिला?"

"गप जेव," सोजराबाई म्हणायच्या. "लोकांनी मायेनं धाडलंय."

मी खालच्या कप्प्यांत जेवढं मावेल तेवढं सांभाळत होतो. वरच्या कप्प्यातही मटाराच्या एक-दोन पिशव्या आल्या. पिशव्या कशा, तर मटार सोलून कॅरीबॅगेत भरून वर गाठ मारलेल्या, चेंडूसारख्या गोल. मित्रांनो, गोल पिशवी फार जागा खाते. तिच्या शेजारी, वर, खाली नुसती पोकळी राहते आणि दुसरं काही बसत नाही. पण मला बोलता येत नाही. मी फक्त घुरघुर करू शकतो, आणि ती तर मी नेहमीच करतो.

मंगळवारी स्नेहल कुरकुंभला गेली. कामावर घेण्याआधी कंपनीच्या डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यायची होती. समृद्धीला तिनं बरोबर नेलं. रविराज मोटारसायकलवर सोडायला गेला. घरात सोजराबाई एकट्याच. आणि नेमका त्याच वेळी वढूहून आणखी मटार आला. सुरेखामावशींच्या गावचा एक टेम्पोवाला देऊन गेला. सोबत निरोप, "मावशी रविवारी स्वतः येत्यात, मटार कसा वाटला ते बघायला."

सोजराबाईंनी दुपारी बसून सगळा मटार सोलला. थोडा वाफवला, म्हणजे टिकंल, असं त्यांना वाटलं. आणि तो तसाच, गरम गरम, गाठी मारून वरच्या कप्प्यात कोंबला. झाकणाचं दार लागेना. त्यांनी कोपरानं दाबलं. तरी लागेना. मग खालून फ्लॉवरचा गड्डा आत रेटला आणि माझं बाहेरचं दार लावलं. लागलं, असं त्यांना वाटलं. लागलं नव्हतं. गड्ड्याचा दांडा आडवा आला होता आणि बोटभर फट राहिली होती. सोजराबाई कांद्याला पाणी द्यायला रानात निघून गेल्या.

मी काय काय केलं म्हणून सांगू! एक क्षण थांबलो नाही. पाठीची जाळी तापून लाल व्हायची वेळ आली. पण आत वाफाळता मटार, बाहेर उघडी फट, आणि मध्ये मी एकटा. उजव्या कोपऱ्यातले डबे आधी नुसते ओलसर झाले. मग त्यांच्या कडांना पाणी सुटलं. मग त्यांतलं दूध हलायला लागलं. ते हलणं मला पोटात कळत होतं, आणि घरात हाक मारायला कुणी नव्हतं.

ऊन उतरल्यावर स्नेहल आली ती आनंदातच. डॉक्टरांनी सगळं ठीक असल्याचं सांगितलं होतं. तिनं समृद्धीला रविराजकडे दिलं, पाणी घ्यायला माझ्यापाशी आली आणि दाराची फट बघून तिथंच थांबली. वरचा कप्पा उघडला. एक डबा काढून हलवून पाहिला. दुसरा. तिसरा. मग ती खाली फरशीवर बसली.

सोजराबाई पाय धुऊन आत आल्या. "काय गं? काय झालं?"

"आई, सगळं दूध वितळलं."

"मग पुन्हा गोठंल की. दार लाव, लगीच गोठंल."

"नाही चालत तसं. एकदा पूर्ण वितळलेलं परत गोठवायचं नसतं. उद्यापर्यंत जेवढं पाजता येईल तेवढंच. बाकीचं टाकायचं." तिचा आवाज चढला नाही. तो चढला असता तर बरं, असं मला वाटलं. "सोमवारी मी जाऊ शकत नाही. बाळ उपाशी ठेवून मी कशी जाऊ? कंपनीला फोन करून सांगते, दुसरं कुणी बघा म्हणून."

"आगं, पर एवढ्यासाठी नोकरी..."

"एवढ्यासाठी?" आता मात्र तिचे डोळे भरले. "आई, मटार चार घरून येईल. हे दूध दुसऱ्या कुठल्याच घरून येणार नाही."

रविराज बाळाला खांद्यावर घेऊन दारात उभा होता, त्यानं कधी नव्हे ते विनोद केला नाही.

स्नेहल उठली, एक डबा बाळासाठी बाजूला ठेवला आणि बाकीचे घेऊन मोरीकडे निघाली. तेव्हा सोजराबाईंनी तिचा हात धरला.

"मोरीत नगं वतू. आईचं दूध हाय त्ये. आण हिकडं."

त्यांनी ते डबे घेतले, अंगणात गेल्या, आणि कढीपत्त्याच्या बुडात एकेक डबा हलक्या हातानं रिकामा केला. उघड्या दारातून मला सगळं दिसत होतं. त्या आत आल्या तेव्हा त्यांचा पदर ओला होता. कशानं, ते मी सांगणार नाही.

आल्या त्या सरळ माझ्यापाशी. दार वर उचलून उघडलं. फ्लॉवरचा गड्डा काढला. वरच्या कप्प्यातल्या मटाराच्या गोल पिशव्या एकेक करून बाहेर काढल्या, सगळ्या, एकही ठेवली नाही. कप्पा फडक्यानं पुसून कोरडा केला आणि झाकण लावलं.

"ह्यो कप्पा आता समृद्धीचा," त्या म्हणाल्या. "तू उद्यापास्नं पुन्यांदा साठीव. सोमवारपर्यंत व्हतंय का बघ. फोन काय तुला करायचा न्हाई."

"आणि हे सगळं?" स्नेहलनं ओट्यावरच्या ढिगाकडे बोट केलं. "रविवारी मावशी येणार."

"येऊ दे. तिचा मटार वाया घालवणार न्हाई मी. पर त्यो फ्रीजमधीच राहिला पायजेल, आसं कुणी सांगितलंय?"

बुधवारी सकाळी गच्चीवर जुनी धुतलेली लुगडी अंथरली गेली. मला गच्ची दिसत नाही, पण सामान माझ्याच डोळ्यांदेखत वर जात होतं आणि कोरडं होऊन खाली येत होतं. मटार मिठाच्या उकळत्या पाण्यात घालून, लगेच गार पाण्यात टाकून, निथळून उन्हात. घड्याळ लावून किती वेळ उकळायचं ते स्नेहल बघायची, आणि दोन बोटांत दाणा दाबून झाला की नाही ते सोजराबाई बघायच्या. दोघींचं एकाच वेळी "झालं!" निघायचं, आणि मग दोघी एकमेकींकडे बघायच्या. टोमॅटोच्या चकत्या मीठ लावून. मेथी मात्र सावलीत, म्हणजे तिचा रंग राहतो. बांधावरच्या हरभऱ्याचा पालाही सोजराबाईंनी खुडून वाळत घातला, लुगडी अंथरलीच आहेत म्हणून. गाजर, फ्लॉवर आणि थोडा मटार लिंबाच्या रसात, मोहरी-मिठात मुरायला बरणीत गेला.

शुक्रवारी दुपारी सगुणाबाई आल्या. हातात काय? अर्थातच मेथीची आणखी एक भली मोठी जुडी.

स्नेहलनं सासूकडे पाहिलं. मीही पाहिलं. घरात मेथी ठेवायला आता बोटभर जागा नव्हती.

"आणा आणा," सोजराबाई म्हणाल्या. "लई चांगली मेथी. नको कशाला म्हणू? पर सगुणाबाय, बसा हितं आन् निवडून द्या."

"मी? वानवळा मीच द्यायचा आन् मीच निवडायचा व्हय?"

"मग? तुमचीच मेथी, तुमाला तिची नस ठावं. च्या टाकते."

"आगं बया, ह्ये बरं हाय की!" सगुणाबाईंनी मांडी ठोकली आणि बसल्या. "म्हस्कूआप्पाला सांगत्ये घरी जाऊन, सोजराबायनी वानवळ्यासंगं मलाबी ठिवून घेतली."

संध्याकाळपर्यंत त्या बसल्या. जाताना सोजराबाईंनी त्यांच्या रिकाम्या पिशवीत वाळलेल्या मेथीचा पुडा आणि लोणच्याची वाटी ठेवली. आलेली पिशवी रिकामी परत पाठवायची नसते, ही तर त्या घरची जुनी रीत. आजवर त्या रीतीत गूळ नाहीतर शेंगा जायच्या. आता सगुणाबाईंचीच मेथी, दुसऱ्या रूपात, त्यांच्याच घरी निघाली.

"उन्हाळ्यात काढा," सोजराबाईंनी सांगितलं. "तवा रानात काय सुदिक नसतंय."

इकडं माझ्या कप्प्यात डबे येत होते. पहाटेचा एक, दुपारचा एक. स्नेहल थकलेली असायची, पण डबा ठेवताना झाकण लागल्याचा टक् आवाज ऐकल्याशिवाय हलायची नाही. मी माझं काम चोख केलं. रविराजनं पाना आणून माझ्या दाराची बिजागरी थोडी घट्ट केली. वर उचलावं लागतंच अजून, पण लागतं ते पक्कं.

रविवारी सुरेखामावशी आल्या. चपला काढल्या आणि पहिला प्रश्न, "मटार गोड हाय ना गं आक्का?"

सोजराबाईंनी त्यांना वाळलेला मटार दाखवला. टपोरा दाणा आकसून मिऱ्याएवढा झाला होता. मावशींचं तोंड उतरलं. "आगं, कवळा लुसलुशीत धाडला व्हता मी. फ्रीज हाय ना तुझ्याकडं? मग ह्ये काय केलंस?"

आता आक्का काय सांगते, म्हणून मी माझी घुरघूरसुद्धा आवरून धरली.

"फ्रीज हाय," सोजराबाई म्हणाल्या. त्यांनी मावशींना हाताला धरून माझ्यासमोर आणलं, दार उघडलं, वरचा कप्पा उघडला. ज्या डब्यांवर कुणाची नजर पडू नये म्हणून त्या जपत होत्या, ते डबे त्यांनी स्वतः दाखवले. "ह्ये बघ. माझ्या सुनेचं दूध हाय. उद्याच्याला ती कामावर चाललीय, आन् मपली नात ह्याच्यावर राहणार. आता सांग, हितं तुझा मटार ठिवू का ह्ये ठिवू?"

मावशी वाकून, अगदी जवळून, डब्यावरची तारीख वाचायला लागल्या. "आन् ह्ये इरजत न्हाई व्हय?" त्यांनी हळूच विचारलं. स्नेहल पटकन वळली, पण तिचे खांदे हसण्यानं हलत होते.

दुपारी वाळल्या मटाराची उसळ केली, भिजवून, कांदालसणाचं वाटण घालून. मावशींनी दोनदा घेतली. निघताना स्वतःच्या पिशवीत वाळला मटार मागून घेतला आणि म्हणाल्या, "फुडच्या खेपेला थोडा थोडाच धाडत्ये. लागंल तसा सांग." सोजराबाईंच्या घरी असं याआधी कुणी म्हटलं नव्हतं. कारण वानवळा किती हवा ते सांगता येतं, हेच मुळी कुणाला सुचलं नव्हतं.

सोमवार उजाडला. कंपनीची बस हायवेवर यायची होती. स्नेहलनं समृद्धीला पाजलं, तिच्या केसांत नाक खुपसून एक मोठा श्वास घेतला आणि मागं न बघता निघाली. मागं बघितलं असतं तर गेली नसती.

पहिली भूक लागली तेव्हा सोजराबाईंनी एक डबा काढला. रात्री खालच्या कप्प्यात हळूहळू वितळायला ठेवलेला, सुनेनं शिकवलं तसं. कोमट पाण्यात धरून तो गरम केला, दूध वाटीत घेतलं, चमचा ओठाला लावला. समृद्धीनं तोंड फिरवलं. पुन्हा लावला. तिनं तो हातानं उडवला आणि रडायला सुरुवात केली. सोजराबाई तिला घेऊन अंगणात गेल्या, गोठ्यात गेल्या, गाय दाखवली, कोंबडी दाखवली. रडणं वाढतच गेलं. रविराज म्हणाला, "आई, फोन करू का तिला? सांगितलंस तर जाऊन घिऊन येतो."

"थांब जरा," सोजराबाई म्हणाल्या.

दमून त्या स्वयंपाकघरात आल्या आणि माझ्या कुशीला पाठ टेकून खाली बसल्या. स्नेहल बाळाला पाजायला नेहमी तिथंच बसायची, कारण तिथं वारा लागत नाही. मी तेव्हा नुकताच थांबलो होतो. आता पुन्हा सुरू झालो. घुर्रर्र. रोजचाच माझा आवाज, त्यात विशेष काही नाही. समृद्धी रडता रडता थांबली. तिनं मान वळवून माझ्या तांबड्या पत्र्याकडे पाहिलं. तिच्या पाठीला माझा हलका थरार लागत असणार. सोजराबाईंनी चमचा ओठाशी नेला. ओठ उघडले. एक घोट गेला. ती थबकली, चव ओळखली, आणि दोन्ही हातांनी वाटीच धरायला धावली.

एवढा वेळ नुसत्या हौसेनं मी बहुधा कधीच चालू राहिलो नसेन. वाटी रिकामी झाल्यावरच थांबलो.

फोन वाजला. "आई, प्याली का?" स्नेहलचा आवाज, आणि मागं यंत्रांची घरघर.

"प्याली. सगळं. आता झोपलीय," सोजराबाई म्हणाल्या. "तू तुझ्या बाटल्या तपास निवांत. हितलं मी बघत्ये."

पलीकडून "बरं, आई" एवढंच.

तर मित्रांनो, हे माझं आयुष्य. बर्फगोळे पाहिले, चपला पाहिल्या, मटार पाहिला, आणि आता एका बाळाच्या जेवणाची राखण करतोय. माझ्यापेक्षा मोठे, चकचकीत फ्रीज पुष्कळ असतील, पण आपल्या कामात मी कुणाला हार जाणार नाही. माझी एकच विनंती आहे. तुमच्याही घरी माझ्यासारखा कुणी असेल, तर दार लावल्यावर एकदा हातानं दाबून बघा. जे उन्हात टिकतं ते उन्हाला द्या, जे मिठात मुरतं ते बरणीला द्या, आणि प्रेमानं आलेलं प्रेमानं परत पाठवा. सगळंच मला द्यायला हवं असं नाही. माझ्या कप्प्यात थोडी जागा मोकळी राहू द्या. घरात ज्याला अजून मागता येत नाही, त्याचंही काहीतरी तिथं ठेवायचं असतं.